डफावर मांडलेला युक्तिवाद

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते १९२७ साल. चळवळ गरिबांची, पैशांची कायम चणचण. अशा वेळी मदत देऊ केली ती पठ्ठे बापूरावांनी. मूळचे ते रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाचं घर सोडून तमाशात आलेला आणि पवळाबाईंच्या साथीने सारा महाराष्ट्र गाजवलेला हा शाहीर. आपल्या काही खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला द्यायची त्यांची तयारी होती. डॉ. आंबेडकरांनी ते पैसे घेतले नाहीत. महार समाजाच्या बाईला फडावर नाचवून मिळालेला पैसा तिच्याच माणूसपणासाठी चाललेल्या लढ्याला नको, ही त्यांची भूमिका होती.

आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, तमाशाच्याच अंगाने उभा राहिलेला जलसा आंबेडकरी विचार गावोगाव पोचवत होता. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, कडं तेच; पुष्कळदा गाणारी-वाजवणारी माणसंही त्याच वस्त्यांतली. मग बदललं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधताना राजकीय चळवळीत संगीत नेमकं कोणतं काम करतं, हे फार स्पष्ट दिसतं. ‘गाण्यांनी चळवळीला स्फूर्ती दिली’ असं एक वाक्य लिहून इतिहासाची पुस्तकं पुढे जातात. मला ते वाक्य अपुरं वाटतं. महाराष्ट्रात गाण्याने स्फूर्तीच्या आधी विचार दिला. मुद्दा मांडला, पुरावा पुढे ठेवला, समोरच्याच्या शंका बोलून दाखवल्या आणि त्यांना उत्तरंही दिली.

याचं एक साधं कारण आहे. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातली जेमतेम पाच-सहा माणसं साक्षर होती. १९३१ सालीही हा आकडा दहापर्यंत पोचलेला नव्हता. ही झाली सगळ्यांची सरासरी. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि शेतकरी बायांमध्ये अक्षर ओळखणारं माणूस शोधावं लागे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढलं, आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढलं. ज्यांच्यासाठी ही पत्रं निघाली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. कुणीतरी वाचायचं आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचं, अशी रीत होती. पण ऐकून शहाणं होण्याची सवय मात्र या समाजाला शतकांची होती. कीर्तन, भारूड, गोंधळ, भजन, पोवाडा हीच त्याची शाळा.

हे पुरतं ओळखलं जोतीराव फुल्यांनी. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ रोजी. त्याच्या चार वर्षं आधी, १८६९ साली, त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून छापला. पोवाडा तोवर बहुतेक आश्रयावर जगलेला. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा गायला तेव्हापासून पेशवाईतल्या शाहिरांपर्यंत, पराक्रम गायचा आणि बिदागी घ्यायची, हा त्याचा व्यवहार. फुल्यांनी श्रोता बदलला. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा पोवाडा रचतो आहे, लांबलचक संस्कृत शब्द मुद्दाम टाळले आहेत, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं. शिवाजी हा रयतेचा, कुळवाड्यांचा राजा, हा त्यांचा इतिहासाविषयीचा दावा होता. तो त्यांनी निबंधात मांडण्याआधी पोवाड्यात मांडला, यात मला त्यांची सारी दृष्टी दिसते.

योगायोग असा की त्याच १८६९ साली युरोपात, एस्टोनियातल्या तार्तू गावी, तिथल्या लोकांचा पहिला मोठा गीतमहोत्सव भरला होता. त्या परंपरेतून पुढे १९८८ साली ताल्लिनच्या मैदानावर लाखोंचा समुदाय एकत्र गायला आणि १९९१ साली एस्टोनिया सोव्हिएत संघातून बाहेर पडला. तिथला प्रकार समूहगानाचा: सगळ्यांनी एकच गाणं एका सुरात म्हणायचं. आपल्याकडची शाहिरी वेगळ्या घडणीची आहे. इथे एक जण सांगतो, थांबतो, समजावतो, प्रश्न करतो. आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणत त्याला धरून राहतात. एकत्र गाण्याने आपण एक आहोत हे कळतं. शाहिरीत आपण का एक व्हायचं, ते कुणीतरी पटवून देत असतं.

पोवाड्याची रचना नीट ऐकली तर हे ध्यानात येतं. चौकामागून चौक येतात. एका चौकात प्रसंग सांगायचा, मग चाल थांबवून शाहीर साध्या बोलीत दोन वाक्यं बोलणार, तेवढ्यात डफ हळू वाजत राहणार, आणि पुढच्या चौकात तोच मुद्दा चढ्या लयीत येणार. ऐकणाऱ्याला विचार करायला मधली जागा मिळते. झीलकऱ्यांनी ओळीचा शेवट उचलला की ती ओळ दोनदा, तीनदा कानावर पडते. सभेतून घरी परतताना माणसाच्या तोंडी पुढाऱ्याचं भाषण राहत नाही, झिलेची ओळ राहते. दुसऱ्या दिवशी शेतात किंवा विहिरीवर ती पुन्हा म्हटली जाते, आणि जो सभेला आलाच नव्हता त्यालाही मुद्दा कळतो.

फुल्यांच्या निधनानंतर, म्हणजे १८९० नंतर, त्यांच्या अनुयायांनी पोवाड्याच्या पुढची पायरी गाठली. ओतूरचे भीमराव महामुनी यांचं नाव सत्यशोधक जलशांच्या सुरुवातीच्या कर्त्यांत घेतलं जातं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात पुणे, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर या पट्ट्यात असे जलसे फिरू लागले. १९११ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळावर सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली आणि त्या भागात या कामाला जोर आला.

या जलसाकारांनी तमाशाचा सांगाडा जवळपास तसाच ठेवला. गावातला कोणताही माणूस तो सांगाडा ओळखत होता. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा गडी पेंद्या आणि ती हसवणारी मावशी. मग बतावणी, सवाल-जवाब, लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे रात्रीचं मुख्य नाट्य. पुढे काय येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्यामुळे अपेक्षित जागी अनपेक्षित काही आलं की त्याचे कान टवकारतात. गणाच्या जागी निर्मिकाचं, म्हणजे सृष्टिकर्त्याचं, किंवा सत्याचं स्तवन आलं की, हा खेळ निराळा आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. गवळणीतली छेडछाड काढून तिथे रूढींवरचा संवाद घालायचा. आणि सवाल-जवाब ही तर वादविवादाचीच जागा. तमाशात कलगीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना कोडी घालत आले होते. जलशात तीच रीत सावकाराच्या व्याजाला, लग्नातल्या भटजीच्या दक्षिणेला, मुलीला शाळेत घालण्याच्या प्रश्नाला लागू झाली. एक पात्र जुन्या रीतीची बाजू घेणार, तीही पूर्ण ताकदीने, कारण समोर बसलेल्यांच्या मनात तीच बाजू असायची. दुसरं पात्र ती एकेक करून उलगडणार. हसू यायचं ते सोंगाड्याच्या तोंडून, आणि हसता हसता माणूस आपल्याच घरातली गोष्ट ओळखायचा.

वगात शेतकरी कर्जात कसा बुडतो ते दाखवलं जायचं: अंगठा कुठे उठवला, कागदात काय लिहिलं होतं, वाचता न आल्याने काय झालं. अर्थशास्त्राचा हा धडा होता आणि त्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

आंबेडकरी जलशांनी हा वारसा उचलला, पण डोळस निवड करून. पठ्ठे बापूरावांचे पैसे नाकारताना आंबेडकरांनी जे म्हटलं, त्याचा अर्थ जलसाकारांना पुरता समजला होता. त्यांनी नाची काढून टाकली. शृंगारिक लावणी काढली. देवाच्या स्तवनाची जागा चळवळीच्या वंदनाने घेतली. महार-मांगांच्या हातातली वाद्यं गावकीच्या कामाचा भाग होती: सण, लग्न, मिरवणूक असली की वाजवायला हजर राहायचं, मोबदला म्हणून उरलंसुरलं घ्यायचं. ज्या हातांनी हे वाजवणं वेठीसारखं केलं, त्याच हातांनी ते आता स्वतःच्या निवडीने वाजवायला घेतलं. चळवळीच्या इतिहासात हा बदल मला फार मोठा वाटतो. वाद्याचा मालक बदलला.

यातलं ठळक नाव भीमराव कर्डकांचं. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून त्यांचा जलसा फिरू लागला. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. या सगळ्या धामधुमीत नाशिकचा परिसर चळवळीच्या ऐन मध्यावर होता, आणि येवल्यात काय ठरलं, ते का ठरलं, हे दूरच्या खेड्याला सांगायचं काम जलशाकडे होतं. मेलेल्या जनावराचं मांस खायचं सोडा, गावकीची हलकी कामं सोडा, पोराला शाळेत घाला, कर्ज काढून लग्न करू नका. उपदेश म्हणून हे ऐकायला रूक्ष आहे. वगात ते एका कुटुंबाची गोष्ट होऊन येई. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचं आंबेडकरांचं बोलणं आंबेडकरी शाहिरांच्या पिढ्या आजही अभिमानाने सांगतात. कर्डकांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात त्या कामाची नोंद करून ठेवली. या परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला त्या पुस्तकापासूनच सुरुवात करावी लागते.

मुंबईत याच सुमाराला दुसरा एक प्रवाह तयार होत होता. गिरणगावात सुमारे दोन लाख कामगार होते, बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे. बायका-मुलं गावी, पुरुष खोल्यांत दाटीवाटीने, जेवण खानावळीत. या चाळींत भजनं होती, कोकणातला शक्ती-तुरा होता, तमाशाचे फड होते. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ काढलं ते या श्रोत्यांसमोर. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा त्याआधीच गाजला होता. ज्याने मुंबईपलीकडचं शहर पाहिलं नव्हतं त्या कामगाराला व्होल्गाकाठची लढाई अफजलखानाच्या वधासारखी ओळखीची वाटावी, ही पोवाड्याच्या साच्याची ताकद.

अण्णाभाऊंनी गणात मायभूमीला, शिवरायांना वंदन केलं, गवळण वगळली, आणि वगात शेटजी, सावकार, पुढारी, निवडणूक यांना उभं केलं. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. अमर शेखांचा आवाज खुल्या मैदानावर ध्वनिक्षेपकाशिवाय दूरवर पोचे, अशी त्यांना ऐकलेल्यांची आठवण आहे. सरकारला या खेळांचं महत्त्व कळलं होतं. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केलेला. स्वातंत्र्यानंतरही मुंबई प्रांतात तमाशावर आणि लाल बावट्याच्या खेळांवर बंदी आली. पुढे ‘लोकनाट्य’ या नावाने हा प्रकार पुन्हा रंगमंचावर आला, आणि ते नाव रुळण्यात अण्णाभाऊंचा वाटा मोठा आहे.

या परंपरेतली मला सर्वांत थोर वाटणारी रचना म्हणजे अण्णाभाऊंची ‘माझी मैना’. छक्कड या लावणीच्या प्रकारातली ही रचना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गावोगाव गायली गेली. तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला बोलतो तो पोटासाठी मुंबईला आलेला कामगार. बायको गावी राहिली, तिची आठवण त्याला व्याकूळ करते. ऐकणाऱ्यांत असा माणूस प्रत्येक ओळीत बसलेला. तो तिचं रूप आठवतो, निघतानाचा निरोप आठवतो, मग मुंबईचं वैभव आणि तिथली उपासमार सांगतो. आणि इतका वेळ बायकोच्या ताटातुटीने हलून गेलेला श्रोता नकळत दुसऱ्या ताटातुटीपाशी येऊन पोचतो: मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाणार आहे, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेर राहणार आहेत. राज्यपुनर्रचनेचा प्रश्न आयोगाच्या अहवालात कलमांचा आणि टक्केवारीचा होता. इथे तो घरातल्या माणसाचा झाला. भाषिक राज्याची मागणी कामगाराच्या पोटाशी कशी जोडलेली आहे, हे पटवायला भाषणाला तासभर लागला असता.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा रक्त सांडलं. बळींची संख्या शंभरावर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समितीच्या सभांत आचार्य अत्र्यांच्या भाषणाआधी शाहीर उभा राहायचा. अमर शेख, गव्हाणकर, आत्माराम पाटील ही मंडळी त्या काळी शहर-खेड्यांत अखंड फिरत होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्यानंतर शाहीर साबळ्यांनी गायलेलं, राजा बढ्यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घरोघर पोचलं, आणि २०२३ साली ते अधिकृत राज्यगीत झालं.

राज्य मिळालं की गाण्याचं काय होतं, हा प्रश्न टाळता येत नाही. केंद्र सरकारने १९५४ साली गीत व नाटक विभाग सुरू केला होता. पुढच्या काळात पोवाडा, वग, भारूड यांतून सरकारी योजना गावोगाव सांगितल्या जाऊ लागल्या. कलावंतांना त्यातून काम मिळालं, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. त्यांची घरं अर्धपोटी होती. पण सवाल-जवाबातला सवाल त्यात उरला नाही. उत्तर आधीच ठरलेलं असलं की जलशाचा कणा जातो. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली, जेमतेम दीड महिन्याच्या अंतराने गेले: अण्णाभाऊ १८ जुलैला, अमर शेख २९ ऑगस्टला. एका परीने ते युग तिथे संपलं.

प्रश्न विचारणारं गाणं मात्र वस्तीत जिवंत राहिलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत कामगार म्हणून आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मोठेपणी ते अक्षर शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहिली, चित्रपटाच्या चालींवर, कव्वालीच्या ढंगात, जशी हाताशी येईल त्या चालीत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर या गाण्यांना नवा विषय मिळाला, आणि कॅसेट आल्यावर ती थेट घरांत पोचली. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात, म्हणजे २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, ही गाणी मोर्चांबरोबर चालत होती. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो आणि या शाहिरांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं फिरतो.

स्त्रियांचा वाटा या कथेत नेहमी दडपला जातो. जलशाने नाची काढली, त्याबरोबर बाईला मंचावर दुसरी जागा मात्र लवकर दिली नाही. पण ऐकणाऱ्या बाया घरी गेल्या आणि जात्यावर बसल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. कुणी त्या बायांना रचायला सांगितलं नव्हतं, त्यांना मंडप नव्हता, टाळी नव्हती. दळता दळता त्यांनी बाबासाहेबांना घरातला भाऊ केलं, बाप केलं, आणि शिक्षणाचा, धर्मांतराचा अर्थ आपल्या शब्दांत लावून घेतला. चळवळीचा विचार खालपर्यंत पोचला की नाही हे तपासायचं असेल तर मी या ओव्या आधी वाचेन, ठराव नंतर.

या ओव्यांचं नशीब असं की त्या ध्वनिमुद्रित झाल्या. जलशांचं तसं झालं नाही. फार थोडं टिपलं गेलं. जुन्या शाहिरांच्या गाण्यांच्या चोपड्या मिळतात, पण त्यांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल: अमुक’ एवढंच छापलेलं असतं, आणि ज्या गाण्याचा हवाला दिला आहे ते गाणंच आता कुणाला येत नाही. नाशिक, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत जलशांमागे झील धरलेली किंवा लहानपणी ते ऐकलेली वयस्क माणसं असतील, तर विद्यापीठांच्या मराठी आणि संगीत विभागांनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या दारात जायला हवं. आधी चाल म्हणवून घ्यावी, शब्दांचा अर्थ मागाहून विचारता येईल.